रिकामी वाटी

१२ सप्टेंबर

आजपासून चिडणं बंद. प्रेमात पडणंही बंद. दोन्ही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाला, विशेषतः ताईला, 'तू असं ठरवलंच नव्हतंस' असं म्हणता येणार नाही.

ताईकडे येऊन आठवडा झाला. कॉलेज सोडलं ते सोडलं. त्याची चर्चा या घरात बंद आहे, म्हणजे माझ्यासमोर बंद आहे. स्वयंपाकघरात चालूच असते. खरं तर झालं होतं एवढंच, की प्रयोगशाळेत एक जण मला आवडणाऱ्या मुलीची सारखी टिंगल करत होता. मी त्याची कॉलर धरली, त्यात काही काचसामान फुटलं, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तीच सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं?" अशा कॉलेजात माणसाने थांबायचं तरी कशाला? प्राचार्यांनी माफी मागायला सांगितलं. मी त्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटलं आणि ताठ मानेने बाहेर पडलो. छत्री आतच राहिली. नवीन होती.

भावजींचं चष्म्याचं दुकान आहे. तयार झालेले चष्मे लोकांच्या घरी पोचवायचे, हे माझं काम. "तेवढंच शहर बघून होईल," भावजी म्हणाले. "आणि शहरालाही कळेल काय आलंय ते," ताई म्हणाली.

आईचा फोन आला. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण आई बोलत असताना मागून प्रश्न पुरवतात. "जेवलास का?" आईने विचारलं. "काय जेवला ते विचार," मागून आवाज.

१९ सप्टेंबर

आज एका शिंप्याचा चष्मा पोचवताना हरवलो. (मी हरवलो, चष्मा नाही.) बस डेपोच्या मागे सुट्या भागांच्या दुकानांची गल्ली आहे. सगळीकडे ऑइल, लोखंड, टायर. तिथे धोब्याच्या दुकानावरून एक अरुंद जिना वर जातो. खालून इस्त्रीची वाफ आणि वरून लसणाचा वास. पोटात सकाळपासून काही नव्हतं, कारण ताईशी बोलणं बंद होतं. जिन्यापाशी पाटी. वरची ओळ मला न कळणाऱ्या अक्षरांत, सगळी गोलं आणि काठ्या. खाली आपल्या अक्षरांत: 'कोरियन जेवण. घरगुती. वर या.'

वर गेलो.

चारपाच टेबलं, त्यांना एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या. भिंतीवरचे पदार्थांचे फोटो उन्हाने निळे पडलेले, त्यामुळे सगळं जेवण समुद्राच्या तळाशी ठेवल्यासारखं दिसतं. दुकान एकाच कुटुंबाचं. कोपऱ्यात आजी, पुढ्यात मोड आलेल्या सोयाबीनचा ढीग, एकेका मोडाची शेपटी खुडत बसलेल्या. गल्ल्यावर आई लसूण सोलते. खिडकीतून वडिलांची फक्त पाठ दिसते. ते स्वयंपाक करतात.

आणि ती. केसांचा बुचडा, त्यात पेन्सिल खोचलेली. जवळ येऊन तिने पहिलाच प्रश्न विचारला, "एकटेच?"

मी म्हणालो, "सध्या."

भात आला. काळ्या दगडी भांड्यात रस्सा आला, तो टेबलावर ठेवल्यावरही उकळतच होता. (जीभ भाजली. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.) आणि त्याच्या भोवती छोट्या छोट्या वाट्या: लाल कोबी, लाल मुळा, ते मोड, बटाटे, कसलीतरी हिरवी पानं.

"हे मी मागवलं नव्हतं."

"हे मागवायचं नसतं," ती म्हणाली आणि गेली.

मागवायचं नसतं! काही गोष्टी मागून मिळत नाहीत, हे किती कमी लोकांना कळतं.

खायला स्टीलच्या दोन काड्या दिल्या होत्या. विणकामाच्या सुयांनी जेवल्यासारखं वाटलं. पण आपल्याकडे ताटात टाकायची पद्धत नाही. आईने लहानपणापासून हातावर चापट मारून शिकवलंय. मी वाट्या चाटूनपुसून लख्ख केल्या. तर ती आली, रिकाम्या वाट्या उचलल्या आणि भरून आणल्या. न मागता. न विचारता. मी पुन्हा संपवल्या. तिने पुन्हा भरल्या. तिसऱ्यांदा भरताना तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. आजींनीही हातातला मोड बाजूला ठेवून बघितलं.

आणि एवढं सगळं इतकं स्वस्त, की उठताना आपणच काहीतरी ढापून चाललोय असं वाटलं.

पहिलं कलम कायम. दुसऱ्या कलमाचा फेरविचार करावा लागेल.

२४ सप्टेंबर

चष्मे पोचवून झाल्यावर सहज त्या बाजूला गेलो. (डेपो आणि माझी वाट यांचा काही संबंध नाही. असो.)

आज तिने कोबी आधी भरला, मग मुळा. गेल्या वेळी मुळा आधी होता. यात काहीतरी आहे. मुळा जास्त तिखट असतो.

३० सप्टेंबर

बटाटे. तीन वेळा बटाटे. बटाटे म्हणजे काय असावं? ताईला आडून विचारलं, "एखादी मुलगी सारखे बटाटे वाढत असेल तर?"

"बटाटे उरले असतील."

या घरात कुणाला नाजूक गोष्टी कळत नाहीत.

९ ऑक्टोबर

मुळा मला झेपत नाही. डोळ्यांतून पाणी येतं, कानांतून वाफा येतात. पण तिने वाढलेलं ठेवायचं कसं? आज मुळ्याच्या चार वाट्या खाल्ल्या. नंतर उठताच येईना, म्हणून भिंतीवरचे निळे फोटो बघण्याचं नाटक करत बसून राहिलो. आजी समोरून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. काहीतरी म्हणाल्या. ती जवळ आली.

"आजी विचारते, घरी कोण कोण असतं?"

"ताई आणि भावजी."

तिने आजींना सांगितलं. आजींनी मान हलवली, पुढचा प्रश्न.

"स्वयंपाक कोण करतं?"

"ताई."

"रोज?"

"रोज."

तिने सांगितलं. आजींनी जीभ चुकचुकवली आणि आणखी एक वाटी पाठवली.

घरची चौकशी! माणसं किती, काम कोण करतं, सगळं. स्थळ बघताना अगदी याच क्रमाने विचारतात. आजींपर्यंत गोष्ट गेली म्हणजे हे नुसतं वाट्यांपुरतं राहिलेलं नाही.

घरी गेल्यावर ताईने ताट वाढलं. भूक नाही म्हणालो. "रोजच भूक नसते तुला. बाहेर कोण खायला घालतंय?" तिने विचारलं. मी हसलो. गूढ हसायचं होतं, पण मध्येच ढेकर आली.

१६ ऑक्टोबर

एक माणूस आहे. मिशीवाला, पोट सुटलेला, माझ्या दुप्पट वयाचा. खिडकीजवळच्या टेबलावर असा बसतो जणू आजोबांनी बांधून ठेवलंय. आज त्याने रिकाम्या वाटीवर काडी वाजवली, टिंग टिंग, आणि ओरडला, "अगं ए, इकडे दुष्काळ पडला!" ती हसत गेली. हसत! त्याची वाटी भरली. मुळ्याने.

मुळ्याने.

घरी आलो. काही खाल्लं नाही. म्हणजे घरी काही खाल्लं नाही.

१८ ऑक्टोबर

पहिलं कलम मोडलं. पण ऐकून घ्या. (कोण ऐकणार? वही. बरं, वहीने ऐकावं.)

मी शांतपणे जेवत होतो. मिशीवाला आला. टिंग टिंग. "अगं ए!" मी उठलो. म्हणालो, "वाटी वाजवून बोलवायला ती काय मांजर आहे?"

तो म्हणाला, "तुमचं काय बिनसलंय, राजे?"

त्या 'राजे'वरून मी डोक्यात राख घालून घेतली. कॉलर कधी धरली ते कळलंच नाही. माझ्या हाताला ती सवयच लागली आहे. टेबल हललं, रस्सा सांडला, अर्धा त्याच्या शर्टावर, अर्धा माझ्या बुटात. वडील बाहेर आले. त्यांचा चेहरा आज पहिल्यांदाच बघितला. हातात पळी होती. आई लसणाची सुरी घेऊनच उठली. (बहुधा खाली ठेवायला विसरली असावी.)

ती मध्ये आली. "सोड! हे माझे शाळेतले गणिताचे सर आहेत!"

"ते तुला 'ए' म्हणाले."

"बाकावरून माझे पाय खाली पोचत नव्हते तेव्हापासून म्हणतात."

"पण तू त्यांची वाटी भरलीस."

"मग? रिकामी झाली होती."

"माझीही भरतेस."

"तुझीही रिकामी होते!"

सगळं दुकान आमच्याकडे वळलं होतं. फक्त रस्सा उकळत होता.

"आणि माझ्या बाजूने भांडायला," ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं?"

तेच वाक्य. शब्दही तेच. काय, शाळेत शिकवतात की काय मुलींना हे?

मी ताठ मानेने जिना उतरलो. बुटात रस्सा पचपच वाजत होता. सगळं संपलं. (रागात का होईना, 'तू' म्हणाली. पण संपलं.)

१९ ऑक्टोबर

चष्म्यांची पिशवी वरच राहिली.

भावजी दुकानात डोक्याला हात लावून बसले होते. "एका बाईंचा फोन होता. चष्मा कुठाय विचारत होत्या. बिचारीने आधी पोलिसांना लावला, मग अग्निशमन दलाला, मग मला. नंबर दिसत नाही ना." मग म्हणाले, "पिशवी आण, नाहीतर उद्यापासून तू घरीच बस. तुझ्या ताईसोबत. दिवसभर."

त्या शेवटच्या धमकीने मी नरमलो. ताईला सगळं सांगावं लागलं. सगळं म्हणजे मुळ्यासकट. ती ओढणी तोंडात कोंबून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चल, मी येते. तुला एकट्याला पाठवलं तर चप्पल विसरून येशील."

वर गेलो तेव्हा पिशवी खुंटीला नीट अडकवलेली. फक्त त्यातला एक चष्मा आजींच्या नाकावर होता आणि आजी त्यातून मोड खुडत होत्या, भराभर, खुशीत. आमच्याकडे बघून तो काढायची त्यांना काही घाई दिसली नाही.

ताईने आधी माफी मागितली, मग मला कोपर मारलं, मग मी मागितली. तिने बुचड्यातली पेन्सिल काढून परत खोचली. आम्हाला बसवलं. भात, वाट्या. ताईने एक वाटी संपवली, ती लगेच भरून आली. ताईने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सगळ्यांनाच अशी भरून देता?" ताईने विचारलं.

"आजीचा नियम आहे. टेबलावर रिकामी वाटी दिसली की भरायची. पाहुण्याला मागायला लागलं तर आजीला लाज वाटते. नको असेल तर माणूस थोडं ठेवतो, मग आम्ही थांबतो."

"आणि आमच्यात," ताई सावकाश म्हणाली, "टाकायचं नाही. शीतही नाही."

दोघी माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे तुम्ही वाढताय म्हणून हा संपवतोय," ताई म्हणाली, "आणि हा संपवतोय म्हणून तुम्ही वाढताय!"

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठमोरी होती, पण बुचडा गदागदा हलत होता. आजींना सांगितलं तेव्हा आजी मात्र हसल्या नाहीत. काहीतरी बोलल्या.

"आजीला वाटलं, याला घरी कुणी खायला घालत नाही. आला की म्हणते, आला बघ 'रिकामी वाटी'. आम्ही त्याला तेच म्हणतो."

"मी!" ताई उभीच राहिली. "मी खायला घालत नाही? अहो, हा माझं एक ताट चार दिवसांत..." पुढचं मी ऐकलं नाही. मला जमीन दुभंगून हवी होती, पण खाली धोब्याचं दुकान होतं.

सरांचं काय? आजींनीच निकाल दिला. पुढच्या महिन्यात वर्षभराची किमची (म्हणजे तोच तो लाल कोबी आणि मुळा) घालायची असते, तेव्हा सगळ्या ओळखीच्यांचे हात लागतात. सर दरवर्षी येतात. मीही यायचं. सरांच्या शेजारी बसायचं.

निघताना आजींनी तो चष्मा नाइलाजाने काढून दिला. ताई म्हणाली, तुम्हाला असाच करून देऊ. आजींनी ताईचा हात धरला आणि तिच्या हातात किमचीचा डबा कोंबला. ती पण 'रिकामी वाटी' ठरली बहुतेक.

२० ऑक्टोबर

म्हणजे मुळा म्हणजे मुळाच होता. बटाटे उरलेच असतील.

दोन्ही कलमं पुन्हा लागू. या वेळी खाली सही करतो.

१४ नोव्हेंबर

कोबीचा दिवस.

लांबट, पांढऱ्या दांड्यांचे कोबी जिन्यावर पायरी पायरीला, पार खाली धोब्याच्या दारापर्यंत रचले होते. धोब्याचे ग्राहक त्यांना ओलांडत कपडे नेत होते. आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात घातलेले आज निथळत पडले होते. आमचं काम म्हणजे प्रत्येक कोबीचं प्रत्येक पान उचलायचं आणि आतून तिखटाचा लगदा फासायचा. मिरची, लसूण, आलं, मासळीचं काहीतरी. कोपरापर्यंत रबरी हातमोजे. सर माझ्या शेजारी, शर्टावर जुना कोट उलटा घातलेला. "खबरदारी," म्हणाले, "रस्सा उडतो कधी कधी."

मी एक पान फासलं. नंतर म्हणालो, "चुकलं माझं, सर."

"ते कळलं. पण राजे, हळू. पान नुसतं उचलायचं असतं. कोबीची कॉलर नाही धरायची."

तिचे वडील आत हसले. पाठ हलली म्हणून कळलं.

दुपारपर्यंत मला हात बसला. आजींनी माझा एक कोबी उलगडून बघितला, हुंकार दिला आणि झाकला. सर म्हणाले हा पहिला नंबर समज. त्यांना तिसऱ्या वर्षी मिळाला होता. बोलता बोलता त्यांनी विचारलं, कुठल्या विषयाला घाबरून पळालास? घाबरून नव्हे, रागावून, मी म्हणालो. "तेच ते," सर म्हणाले. "रविवारी इथेच ये, वही घेऊन. मुळ्यासोबत गणित बरं उतरतं."

मग एक माशी आली आणि मी हातमोज्यासकट डोळा चोळला.

आपण फार ओरडलो नाही असं मला वाटतं. बाकीच्यांचं मत वेगळं आहे. ती मला मोरीकडे ओढत घेऊन गेली आणि तांब्या तांब्या पाणी ओतायला लागली.

"डोळा उघड."

"उघडत नाही."

"मग राहू दे. तसंही तुला अर्धंच दिसतं."

हे मनाला लागलं. भावजींना सांगून डोळे तपासून घेतले पाहिजेत. चष्म्याच्या दुकानात राहून नंबर निघाला तर नाचक्की.

संध्याकाळी आजी ताज्या किमचीची एकेक गुंडाळी करून प्रत्येकाच्या तोंडात स्वतःच्या हाताने घालत होत्या. सरांना घातली, धोब्याला बोलावून घातली. माझी पाळी आली तेव्हा आजी म्हणाल्या हात दुखतो, आणि पुढचं काम तिच्यावर सोपवलं. तिने माझ्या तोंडात केवढी मोठी गुंडाळी घातली! बराच वेळ काही बोलताच येईना. तिचा हेतू तोच असावा.

पुढच्या माणसाला परत आजींनीच घातली. म्हातारपणात हात असा मध्येच दुखतो आणि मध्येच थांबतो.

२१ नोव्हेंबर

आजींचा चष्मा घेऊन गेलो. त्यांनी घातला, खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं, परत माझ्याकडे. काहीतरी बोलल्या. ती लाल झाली आणि आत गेली. काय म्हणाल्या विचारलं तर म्हणे, "नंबर बरोबर आहे म्हणाली." मग त्यात लाल होण्यासारखं काय? मिरची लागली असेल हाताला.

रविवारच्या गणिताला ती पण बसते, शेजारच्या टेबलावर. तिला गणित येतं. तरी बसते.

बाबांचा फोन. आईचा नाही, बाबांचा. म्हणाले, "ते कोरियन खाणं तिखट असतं का रे?" मी म्हणालो, असतं. "सांभाळून खा," म्हणाले आणि ठेवला. छत्री कॉलेजातून आणली आहे त्यांनी. हे आईने नंतर सांगितलं.

२८ नोव्हेंबर

आज एक गोष्ट घडली, तिचा अर्थ मला नीट लागत नाही.

मी आता नियमाने जेवतो. पोट भरलं की प्रत्येक वाटीत एकेक तुकडा ठेवतो. आईची आठवण येते, हातावर चापट बसल्यासारखी वाटते, पण ठेवतो. आजही ठेवला. कोबीचा एक, बटाट्याचा एक, मुळ्याचे तर दोन, म्हणजे कुणाला शंकाच नको.

ती आली. सगळ्या वाट्यांकडे बघितलं. मग मुळ्याची वाटी उचलली, आत गेली आणि शिगोशीग भरून माझ्यासमोर ठेवली. आणि गेली नाही. तिथेच उभी राहिली.

मी म्हणालो, "मी तुकडे ठेवले होते."

"दिसले मला."

"दोन होते."

"दोन होते," ती म्हणाली. अजून तिथेच.

कोपऱ्यात आजी नव्या चष्म्यातून मोड खुडत होत्या. म्हणजे हातात मोड होता, खुडत नव्हत्या. गल्ल्यावर लसूण थांबला होता. आतल्या पाठीने मान वळवली होती.

मी तिला दुखवायला नको म्हणून अख्खी वाटी संपवली. डोळ्यांतून पाणी आलं. तिने हसत हसत पाण्याचा पेला सरकवला.

स्वतःच्या घरचा नियम, पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला, आणि तिलाच आठवू नये? दिवसभर उभं राहून थकत असेल बिचारी. घरी येऊन ताईला सांगितलं. ती हातातलं काम टाकून मटकन खाली बसली. मग भावजींना बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. "तुकडे किती होते म्हणालास?" भावजींनी विचारलं. दोन, मी म्हणालो. दोघं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसले. ताईने तर आईला फोन लावला. या घरात गंभीर गोष्ट बोलायची सोय नाही.

ते काही नाही. चूक एकदा पाठ झाली की सुटत नाही. उद्या गर्दीच्या आधीच जातो, तिला समोर बसवतो आणि तो वाटीचा नियम तिला नीट समजावून सांगतो.